गोठायला टपलेलं रक्त

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत आजही एखाद्या ड्रॉवरमध्ये, सेल संपलेल्या अवस्थेत, पल्स ऑक्सिमीटर पडलेला असेल. १५ सप्टेंबर २०२० ला राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली आणि ताप मोजायची बंदूक नि हा चिमटा घेऊन पथकं दारोदार फिरू लागली. आजी, बोट पुढे करा. सत्त्याण्णव. छान. घरात कुणाला बीपी, शुगर? पुढचं दार.

त्या चिमट्यात नेमकं काय चाललंय, हे विचारायला तेव्हा कुणाला सवड होती? आता विचारूया, कारण उत्तर ऐकून थक्क व्हायला होतं.

चिमट्याच्या एका जबड्यात दोन दिवे असतात. एक लाल, आपल्याला दिसणारा. दुसरा अवरक्त, न दिसणारा. समोरच्या जबड्यात बोटातून पार होऊन आलेला प्रकाश मोजणारा सेन्सर. प्राणवायू घेतलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश बराचसा जाऊ देतं, प्राणवायू सोडलेलं हिमोग्लोबिन तो जास्त शोषतं. अवरक्त प्रकाशाच्या बाबतीत नेमकं उलट. दोन्हींचं गुणोत्तर काढलं की हिशेब मिळाला. सोपं आहे ना? पण बोटात कातडी आहे, हाड आहे, नख आहे, परत निघालेलं नीलांमधलं रक्त आहे. ही सगळी गर्दी प्रकाश अडवणारच. त्यातून फक्त धमनीतलं ताजं रक्त वेगळं कसं काढायचं?

धमनी धडधडते म्हणून ते जमतं. हाड धडधडत नाही, नख धडधडत नाही. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला धमनी किंचित फुगते आणि प्रकाश किंचित कमी होतो. यंत्र स्थिर असलेलं सगळं सोडून देतं आणि जे ठोक्याबरोबर बदलतं तेवढंच वाचतं.

हे सुचलं ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याला, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला. गंमत म्हणजे त्यांना प्राणवायू मोजायचाच नव्हता! रक्तात रंग सोडून, कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून, हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं हे त्यांना काढायचं होतं. नाडीच्या धडधडीमुळे आलेख सारखा थरथरायचा. तो अडथळा पुसून टाकायला त्यांनी दोन रंगांचे प्रकाश वापरून पाहिले, आणि लक्षात आलं की पुसायला निघालो त्या थरथरीतच रक्तातल्या प्राणवायूचा हिशेब दडलाय. आओयागी १८ एप्रिल २०२० ला वारले. जगभर त्यांच्या चिमट्यासाठी दुकानांत झुंबड उडायला लागली होती, तेव्हा.

तर, ज्याला आपण फुफ्फुसाची परीक्षा समजून बोट देत होतो, तो चिमटा सगळा वेळ धमनी निरखत होता. आणि त्या साथीत धमन्यांकडे बघायला हवंच होतं.

कोरोनाला आपण छातीचा आजार म्हणून ओळखलं. एचआरसीटीचा स्कोअर, खोकला, ऑक्सिजन. पण फुफ्फुस म्हणजे नुसती हवा नाही, रक्तही. शरीरातलं सगळं रक्त, विश्रांतीत असताना मिनिटाला सुमारे पाच लिटर, फुफ्फुसांतून जातं. एक तांबडी पेशी तिथल्या केशवाहिनीत जेमतेम पाऊण सेकंद थांबते, तेवढ्यात प्राणवायू भरून घेते आणि पुढे सरकते. हवा आणि रक्त यांच्यामधली भिंत कित्येक ठिकाणी एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. भिंतीच्या या बाजूला पेटलेली आग त्या बाजूला पोचणार नाही, असं कसं होईल?

एप्रिल २०२० मध्ये झुरिकच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की दगावलेल्या रुग्णांच्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर सुजलेलं दिसतंय, आणि तेही एका अवयवात नाही, अनेक अवयवांत. महिन्याभराने आणखी एक निरीक्षण आलं. कोरोनाने गेलेल्यांच्या फुफ्फुसांतल्या केशवाहिन्यांमध्ये बारीक गुठळ्यांचं प्रमाण फ्लूने गेलेल्यांच्या नऊपट होतं. नऊपट! विषाणूने अस्तरात थेट शिरून हे किती केलं आणि शरीराच्या स्वतःच्या भडकलेल्या प्रतिकारशक्तीने किती, यावर शास्त्रज्ञांचा वाद बराच काळ चालला. दुखावलं ते अस्तरच.

हे अस्तर काय चीज आहे, ते जरा निवांत बघू. बारवी धरणाचं पाणी जांभूळच्या शुद्धीकरण केंद्रातून मोठ्या जलवाहिन्यांतून उल्हासनगरकडे येतं. रक्तवाहिनी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तसाच एक पाइप येतो: मोठ्याला फाटा, फाट्याला फाटा, शेवटी घरातला नळ. चित्र चुकीचं नाही. पण लोखंडी पाइपला आपल्यातून काय चाललंय याचा पत्ता नसतो. गंज चढला तर चढला. आपल्या धमनीच्या आत मात्र सपाट पेशींचा एक थर असतो. एकच थर, एकाला एक चिकटून, मेंदूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सलग. सगळ्या शरीरातला हा थर गोळा केला तर वजन किलोभर भरावं. आणि तो जागा असतो. वरून वाहणाऱ्या रक्ताचं घासणं त्याला कळतं, वेग वाढला की कळतं, जंतू आला की कळतं. त्याप्रमाणे तो वाहिनी रुंद करतो, अरुंद करतो, पांढऱ्या पेशींना थांबवून आत घेतो.

हे कळलं कधी? १९८० मध्ये. माणूस चंद्रावर जाऊन आल्यानंतर अकरा वर्षांनी! तोवर या थराला फक्त एक निष्क्रिय आवरण मानत. न्यूयॉर्कमधले रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग करायचे. ॲसिटिलकोलीन घातलं की धमनी सैलावायला हवी, पण त्यांच्या पट्ट्या वर्षानुवर्षं आवळतच होत्या. मग एकदा पट्ट्या थोड्या वेगळ्या पद्धतीने कापल्या गेल्या आणि त्या चक्क सैलावल्या. फरक काय होता? नेहमीच्या पद्धतीत पट्टीची आतली बाजू घासली जाऊन तिच्यावरचा तो पेशींचा थर निघून जात असे. यावेळी तो शाबूत राहिला होता. म्हणजे सैल हो, हा हुकूम देणारा तो थर होता! त्या हुकुमाचा निरोप्या नायट्रिक ऑक्साइड नावाचा साधा वायू निघाला, आणि १९९८ चं नोबेल फर्चगॉट यांच्यासह तिघांना मिळालं.

या अस्तराचं सगळ्यात अजब काम मात्र वेगळंच आहे. रक्त स्वभावाने गोठायला टपलेलं असतं. असायलाच हवं, नाहीतर विळीवर कापलेलं बोट जीव घेईल. परीक्षानळीत काढलेलं रक्त काही मिनिटांत थिजतं. मग तेच रक्त आपल्या आत सत्तर-ऐंशी वर्षं का थिजत नाही? कारण अस्तर त्याला अखंड समजावत असतं. नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सोडून ते प्लेटलेट्सना लांब ठेवतं. त्याच्या पृष्ठभागावर साखरेच्या साखळ्यांची अतिसूक्ष्म लव असते, आणि त्या लवेतले काही रेणू गोठण्याची साखळी मध्येच तोडतात. हे अस्तर फाटलं, सुजलं, नाराज झालं की समजूत संपते आणि गुठळी सुरू होते.

मग ‘डी-डायमर’ हा शब्द आठवतो? २०२१ च्या दुसऱ्या लाटेत रिक्षा स्टँडवरही ऐकू यायचा. गुठळीचं जाळं विणलं गेलं की शरीर लगेच ते उसवायला घेतं, आणि उसवलेल्या धाग्यांचे जे तुकडे रक्तात तरंगतात ते म्हणजे डी-डायमर. आकडा चढला याचा अर्थ आत कुठेतरी गुठळ्या होतायत आणि विरघळतायत. म्हणून तर वॉर्डात रोज पोटाच्या कातडीखाली ते रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन टोचत.

बहुतेक गुठळ्या फुफ्फुसांत किंवा नीलांत झाल्या. पण काहींच्या बाबतीत ती झाली पायाच्या धमनीत, आणि इथे गोष्ट रक्तवाहिन्यांच्या सर्जनच्या हातात येते. इटलीतल्या लोम्बार्डीत, ब्रेशिया शहरात, २०२० च्या पहिल्या तीन महिन्यांत सर्जनांच्या लक्षात आलं की त्यांच्याकडे येणाऱ्या दर शंभर रुग्णांमागे सोळा जणांचा पाय अचानक रक्तावाचून पडलेला आहे. आदल्या वर्षी त्याच काळात हे प्रमाण शंभरात दोनही नव्हतं.

पायाचं रक्त अचानक तुटलं की काय होतं? आधी प्रचंड दुखतं. पाय पांढुरका पडतो, गार लागतो. घोट्याजवळची नाडी हाताला लागत नाही. मग मुंग्या, मग बधिरपणा, मग बोटं हलेनाशी होतात. आधी नसा जातात, मागून स्नायू. स्नायू रक्तावाचून साधारण सहा तास तग धरतात. त्यापुढे पाय वाचण्याची आशा तासागणिक कमी होत जाते.

आता हे सहा तास नकाशावर मांडून बघा. बदलापूर ते सीएसएमटी सुमारे अडुसष्ट किलोमीटर. अंबरनाथचं डॉ. बी. जी. छाया रुग्णालय किंवा उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय ही या पट्ट्याची पहिली दारं; पण रक्तवाहिनी उघडायची, बायपास करायची, झडप बदलायची म्हटलं की बहुतेक माणसं ठाणे-मुंबईकडे निघतात. केईएम, सायन, जेजे. रोजच्या आयुष्यात हा रस्ता म्हणजे कर्जत-बदलापूरची लोकल. २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून ती थांबली. १५ जूनला पुन्हा धावली ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. सर्वसामान्य प्रवाशांना, तेही ठरावीक वेळांतच, १ फेब्रुवारी २०२१ ला चढायला मिळालं. मधल्या काळात ॲम्ब्युलन्स मिळाली तर काटई नाका, शीळफाटा, पुढे ठाणे. आणि पोचल्यावरही मुंबईतल्या कितीतरी खाटा कोरोनाकडे गेलेल्या. नायर रुग्णालय तर एप्रिल २०२० मध्ये पूर्णच कोरोनासाठी राखलं गेलं होतं.

समजा, रुग्ण वेळेत पोचला. आता त्या लांबलचक धमनीतून गुठळी काढायची कशी? १९६० च्या आधी याचं उत्तर भयंकर होतं. पाय ठिकठिकाणी उघडायचा, धमनी चिरायची, तासन्‌तास खटपट करायची. अनेकदा शेवटी पाय कापायचा, आणि पुष्कळ रुग्ण मुळात वाचतच नसत.

अमेरिकेत सिनसिनाटीच्या रुग्णालयात थॉमस फोगार्टी नावाचा एक पोरगा शाळेच्या वयापासून हरकामं करत होता. पुढे ऑपरेशन थिएटरमध्ये हत्यारं द्यायला उभा राहू लागला. हे पाय कापणं तो बघत होता. त्याला वाटलं, मधून पोखरत कशाला बसायचं? गुठळीच्या पलीकडे जाऊन तिला मागून ओढून का काढू नये? पण पलीकडे जाताना हत्यार बारीक हवं आणि परत येताना जाड. असं काय असतं? फुगा!

मग वैद्यकाचं शिक्षण चालू असताना, घराच्या माळ्यावर बसून, त्याने लघवीची बारीक नळी घेतली. सर्जनच्या हातमोज्याच्या करंगळीचं टोक कापलं. आता हे रबर त्या प्लास्टिकच्या नळीला पक्कं बसवायचं कसं? तेव्हा हे दोन पदार्थ धरून ठेवणारा गोंदच नव्हता. फोगार्टीला माशांच्या गळाचा नाद. गळाला लावायची खोटी माशी पिसं नि दोऱ्याने बांधतात, त्या बारीक गाठी त्याला लहानपणापासून येत होत्या. त्याच गाठींनी त्याने करंगळी नळीला बांधून टाकली. १९६१ मध्ये ते पहिल्यांदा माणसावर वापरलं गेलं. कंपन्या आधी हात लावेनात. शेवटी हृदयाची पहिली यशस्वी कृत्रिम झडप बनवणाऱ्या एडवर्ड्स यांच्या कारखान्याने ते बनवायला घेतलं. आज जगातल्या कुठल्याही रक्तवाहिन्यांच्या सर्जनला ‘फोगार्टी द्या’ म्हटलं की कळतं.

ऑपरेशन जवळून बघा. जांघेत चार-पाच इंचांचा छेद. धमनी मोकळी करून वर-खाली रबरी फितीने अडवतात. तिच्यावर एक छोटा आडवा काप. त्यातून मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीची ती नळी खाली सरकवतात. गुठळी मऊ असते, नळी तिच्यातून पार निघून जाते. मग मागच्या टोकाच्या सिरिंजमधून अर्धा मिलिलिटर, फार तर एक, सलाइन. पायात खोल कुठेतरी फुगा भरतो. आणि मग सर्जन हलक्या हाताने ओढतो. ओढतानाच फुग्यातलं सलाइन कमी-जास्त करत राहावं लागतं, कारण धमनी वर येता येता रुंद होत जाते. फुगा जास्त टरटरला तर ज्या अस्तराची एवढी महती आत्ता वाचलीत, तेच खरवडून निघेल. छेदातून काळपट लाल, गांडुळासारखी लांब गुठळी बाहेर येते आणि तिच्यामागून रक्ताची चिळकांडी. पुन्हा एक फेरी, गुठळी येईनाशी होईपर्यंत. मग केसासारख्या बारीक दोऱ्याने धमनी शिवतात.

आणि आता साथीच्या दृष्टीने खरी करामत. हे सगळं जांघेपुरती भूल देऊन करता येतं! पूर्ण भूल द्यायची तर घशात नळी घालावी लागते, आणि त्या क्षणी रुग्णाच्या श्वासातले विषाणू भूलतज्ज्ञाच्या तोंडासमोर उडतात. हातमोज्याच्या करंगळीतून जन्मलेलं साठ वर्षं जुनं हत्यार या साथीला आदल्या दिवशी बनवल्यासारखं चपखल बसलं.

ज्यांना पूर्ण भूल द्यावीच लागे, त्यांच्यासाठी ऑपरेशन थिएटरचं शास्त्रच उलटं करावं लागलं. एरवी थिएटरमध्ये हवेचा दाब बाहेरपेक्षा जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडलं की हवा बाहेर जाते आणि जंतू आत येत नाहीत. कोरोनाच्या रुग्णात जंतू आतच आहे! मग जिथे शक्य तिथे दाब उलटा केला. नळी घातल्यावर सगळ्यांनी बाहेर थांबायचं. तासाला वीस वेळा हवा बदलणाऱ्या खोलीत नव्व्याण्णव टक्के कण निघून जायला साधारण चौदा मिनिटं लागतात. तोवर पीपीईत घामाघूम झालेला सर्जन घड्याळाकडे बघत उभा.

गुठळी निघाली, पाय गुलाबी झाला, म्हणजे जिंकलो? अजून नाही. तासन्‌तास उपाशी राहिलेल्या स्नायूंत पोटॅशियम आणि आम्ल साठलेलं असतं. रक्त सुरू होताच तो सगळा साठा थेट हृदयाकडे निघतो आणि ठोका बिघडवू शकतो. पाय सोडवताना हृदय थांबू शकतं. म्हणून गुठळी पायात असली तरी भूलतज्ज्ञाची नजर ईसीजीवरून हलत नाही.

एवढं करून रक्त पुन्हा गोठू नये म्हणून जे देतात ते हेपरिन. त्याचा जन्मही असाच वाट चुकून झाला. १९१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधला जे मॅक्लीन नावाचा विद्यार्थी रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता. कुत्र्याच्या यकृतातून काढलेला एक अर्क रक्तात घातला तर रक्त गोठेचना! आज हेपरिन बनतं डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून. आणि त्याची रचना? आपल्या धमनीच्या लवेत जे गोठण रोखणारे साखरेचे रेणू आहेत, त्यांचंच ते सख्खं भावंड. अस्तर रुसलं की त्याचं काम आपण सिरिंजमधून करतो. त्यालाही वेळेची अट निघाली. २०२१ मध्ये मोठ्या चाचण्यांचे निकाल आले: मध्यम आजारी कोरोना रुग्णांना हेपरिनच्या मोठ्या मात्रेचा फायदा झाला, आयसीयूतल्या अत्यवस्थ रुग्णांना झाला नाही.

हेपरिन नसतं तर उघड्या हृदयाची शस्त्रक्रियाच नसती. हृदय थांबवून ऑपरेशन करायचं तर रक्त बाहेरच्या यंत्रातून फिरवावं लागतं. ६ मे १९५३ ला फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी अशा यंत्रावर पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं. पण प्लास्टिकच्या नळ्यांना अस्तर कुठे असतं? रक्त तिथे पोचताच थिजणार. म्हणून आधी भरपूर हेपरिन. आणि काम झाल्यावर? तेवढं पातळ रक्त घेऊन रुग्णाला वॉर्डात पाठवलं तर टाक्याटाक्यातून रक्त जाईल. मग देतात प्रोटामिन. ते मिळतं सामन माशाच्या वीर्यातून. त्याचा धन विद्युतभार हेपरिनच्या ऋण भाराला मिठी मारतो आणि काही मिनिटांत दोघंही निकामी. डुकराच्या आतड्याने पातळ केलेलं रक्त माशाच्या वीर्याने पूर्ववत! परळच्या कुठल्याही हृदयशस्त्रक्रिया थिएटरात रोज घडणारी ही गोष्ट.

परळ म्हटलं की १९६८ आठवावं लागतं. डॉ. बर्नार्ड यांनी केपटाऊनला जगातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केल्यावर तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारीत, केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं केलं. रुग्ण काही तासच जगला. त्या वर्षानंतर मुंबई थांबली ती तब्बल सत्तेचाळीस वर्षं. ३ ऑगस्ट २०१५ ला मुलुंडच्या फोर्टिसमध्ये डॉ. अन्वय मुळे यांच्या चमूने पुण्याहून आलेलं हृदय एका तरुणाच्या छातीत बसवलं. तो बावीस वर्षांचा तरुण बदलापूरचा होता. बर्फात ठेवलेलं हृदय साधारण चार तास टिकतं. पोलिसांनी दोन्ही शहरांत रस्ते मोकळे ठेवले आणि ते दीड तासाच्या आसपास पोचलं.

त्या हृदयाचं एक नवल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. प्रत्यारोपणात धमन्या जोडतात, नीला जोडतात. नसा जोडत नाहीत. तरी हृदय चालतं, कारण ठोक्याचा कारभार त्याच्या आतच आहे. फक्त ते जरा जलद चालतं, विश्रांतीतही नव्वद-शंभर, कारण सावकाश हो म्हणणारी नस आता तुटलेली असते. जिना चढताना ते लगेच धावत नाही. रक्तातून ॲड्रेनलिन पोचायची वाट बघतं. परक्या हृदयाला शरीराने हाकलू नये म्हणून अशा माणसाला आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात. २०२० मध्ये अख्खं जग मास्क लावायला शिकलं. प्रत्यारोपण झालेल्यांना ती सवय आधीच होती, आणि त्यांची भीतीही इतरांहून मोठी होती.

ज्यांचं ऑपरेशन थोडं थांबू शकत होतं, त्यांनी किती थांबायचं? हा प्रश्न घेऊन ११६ देशांतल्या १,४०,२३१ रुग्णांचा अभ्यास झाला. कोरोना न झालेल्यांत ऑपरेशननंतर महिन्याभरात दगावण्याचं प्रमाण दीड टक्का. कोरोना होऊन दोन आठवडेही झाले नसतील तर ते चार टक्क्यांवर. पाच-सहा आठवड्यांनीही साडेतीनच्या वर. आणि सात आठवडे उलटले की पुन्हा दीड! खोकला गेला, ताप गेला, चव आली, तरी सात आठवडे शरीर आतून सावरतच असतं. त्यानंतरही लक्षणं उरलेल्यांना धोका जास्तच होता.

पण थांबणं सगळ्यांनाच परवडणारं नव्हतं. १५ मार्च ते १५ जून २०२० या काळात देशभरातल्या १८७ रुग्णालयांत हार्ट अटॅकचे रुग्ण आदल्या वर्षीपेक्षा पस्तीस टक्क्यांनी कमी दाखल झाले. लॉकडाऊनमध्ये धावपळ कमी झाली म्हणून हृदयं सुधारली, असं एक गोड स्पष्टीकरण तेव्हा फिरत होतं. मला ते कधीच पटलं नाही. माणसं दवाखान्याच्या भीतीने, गाडी नाही म्हणून, ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत घरी बसली. इटलीपासून अमेरिकेपर्यंत हीच घट दिसली, आणि रुग्णालयाबाहेरचे मृत्यू मात्र कित्येक शहरांत वाढले.

साथ ओसरली, लोकल पुन्हा भरून वाहू लागल्या. धमनीतलं अस्तर मात्र मधुमेहाने, तंबाखूने, वाढलेल्या बीपीने आजही तसंच दुखावतं, आणि हृदयाचा ठोका अनियमित असला तर त्यात तयार झालेली गुठळी आजही पायात उतरते. म्हणून एवढं लक्षात ठेवा. एक पाय अचानक दुखायला लागला, दुसऱ्यापेक्षा गार आणि फिका वाटला, बोटं बधिर झाली, तर शेक देऊ नका, चोळू नका, सकाळची पहिली लोकल पकडू असं म्हणू नका. १०८ ला फोन करा, आणि दुखणं किती वाजता सुरू झालं ती वेळ कागदावर लिहून बरोबर न्या. सर्जन पहिला प्रश्न तोच विचारणार आहे.